पिवळा रंग कशाचा, यावर सगळं ठरतं

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते, घाईघाईने साबण लावला जातो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. कापड खराब झालं असं वाटून लोक आणखी घासत बसतात. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. हळदीतलं रंगद्रव्य, म्हणजे करक्युमिन, आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं दिसतं, तर अल्कलीत लालसर. साबण आणि धुण्याचा सोडा दोन्ही अल्कधर्मी, म्हणून डाग लाल. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. पण लिंबाने डाग जात नाही, फक्त रंग बदलतो. डाग घालवण्याचा खरा उपाय म्हणजे कपडा साबणाने धुऊन, ओलसर असतानाच कडक उन्हात वाळत घालणं. एका उन्हात नाही गेला तर कपडा पुन्हा ओला करून दुसरं ऊन द्यावं. ऊन करक्युमिनचा रेणू मधोमध तोडतं. उरलेल्या तुकड्यांना रंग नसतो. त्यातला एक तुकडा व्हॅनिलिन, ज्याच्या वासाला आपण व्हॅनिला म्हणतो.

या एका डागात पिवळ्या रंगाची बरीच गोष्ट आली. पिवळा म्हणून आपण ज्याला एकच रंग समजतो तो हळदीचा असेल, मातीचा असेल, गंधकाचा असेल किंवा शिशाचा. दिसायला सगळे सारखेच. पण कोण उन्हात उडेल, कोण साबणाने लाल होईल, कोण शेकडो वर्षं भिंतीवर टिकेल आणि कोण पोटात गेला तर विष ठरेल, हे तो कशापासून आला यावर अवलंबून असतं. म्हणून रंगाचं नाव कळल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा तो पदार्थाचा.

डोळ्याला पिवळा दिसतो तो कसा

आपल्या डोळ्यात पिवळा ओळखणारी वेगळी पेशी नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. त्यांचा सर्वाधिक प्रतिसाद साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटर तरंगलांबीला असतो. मधल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही पेशी जवळजवळ सारख्याच चेतवल्या गेल्या आणि पहिली गप्प राहिली, की मेंदू म्हणतो पिवळा. हे दोन वाटांनी घडू शकतं. एक तर खरोखर 570 ते 590 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यात शिरतो, जसा जुन्या सोडियमच्या रस्तादिव्यांचा. किंवा लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र येतो. मोबाइलचा पडदा दुसरी वाट वापरतो. पडद्यावर पिवळं चित्र लावा आणि त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि आत लाल आणि हिरवे ठिपके शेजारी-शेजारी दिसतात. पिवळा ठिपका एकही नसतो. (थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच घ्या, चार्जिंगच्या भोकापासून दूर.)

हळद तिसऱ्याच बाजूने येते. ती स्वतः प्रकाश देत नाही, तर पांढऱ्या प्रकाशातला जांभळा-निळा भाग, साधारण 425 नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळते. उरलेल्या हिरव्या आणि लाल भागाचा आपल्याला पिवळा होतो. करक्युमिनच्या रेणूत एकआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी आहे. तिच्यावरचे इलेक्ट्रॉन त्या साखळीभर पसरलेले असतात, म्हणून निळ्या प्रकाशाची ऊर्जा त्यांना बरोबर पेलते. अल्कली लागली की रेणूच्या टोकाचा हायड्रोजन निघून जातो, इलेक्ट्रॉनांचा पसारा वाढतो आणि आता कमी ऊर्जेचा, हिरवट प्रकाशही गिळला जातो. हिरवा गेला की उरतो तो लाल. डागाचं कोडं इथे सुटतं.

घरी करून बघायचं असेल तर अर्धा चमचा हळद चार चमचे सॅनिटायझरमध्ये ढवळा. पाण्यात नको, कारण करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलात आणि तेलात विरघळतं. वरचं स्वच्छ पिवळं द्रावण गाळणकागदावर लावून वाळवा आणि पट्ट्या कापा. लिंबाचा रस, दही, नळाचं पाणी यांत त्या पिवळ्याच राहतील. खाण्याच्या सोड्याने किंचित नारिंगी होतील. धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी यांनी तपकिरी-लाल. पट्ट्या अंधारात, वहीच्या पानांत ठेवा. खिडकीत ठेवल्या तर काही दिवसांत फिकट होऊन निकामी होतात.

हळदीचं कुंकू

हेच रसायन आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लगेच लाल होते. सणासुदीला ताटात आरतीसाठी करतात ते लाल पाणी याच जातीचं. पण या लालीला आयुष्य नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू होत जातो, अल्कली संपते आणि रंग तपकिरी-पिवळ्याकडे परततो. शिवाय अल्कलीत करक्युमिन स्वतःही लवकर मोडतं.

टिकाऊ कुंकवासाठी म्हणूनच चुन्याऐवजी टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस वापरतात. हळकुंडांचे तुकडे या मिश्रणात मुरवतात, रस पूर्ण शोषला गेला की सावलीत वाळवतात आणि मग कुटून वस्त्रगाळ करतात. टाकणखारात बोरॉन असतं. आम्लाच्या सोबतीने बोरॉन करक्युमिनला घट्ट धरतं आणि जो लाल रेणू तयार होतो तो चुन्याच्या लालीसारखा लगेच मागे फिरत नाही. ही पकड इतकी खास आहे की प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचाच कागद वापरला जातो. कुंकू बिघडण्याची कारणंही ठरलेली. उन्हात वाळवलं तर ते विटकं होतं. रस कमी पडला तर हळकुंडाचा गाभा पिवळा राहतो आणि भुकटी नारिंगी येते. ओल राहिली तर बुरशी धरते. टाकणखार पोटात जाण्याजोगा नाही, म्हणून हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं आहे. बाजारात मात्र हळदीशी काही संबंध नसलेलं कुंकूही भरपूर मिळतं. पिष्ठ किंवा खडूच्या भुकटीवर कृत्रिम रंग चढवलेला असतो. ओळखायची सोपी रीत अशी: चिमूटभर कुंकू पाण्यात टाका. पाणी लगेच गुलाबी किंवा गडद लाल झालं तर ते पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचं समजा. शेंदूर ही तर वेगळीच वस्तू. तो शिशाचं ऑक्साइड असतो. देवाला शेंदूर लावल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

रंग शेतात ठरतो, शिजवताना टिकतो

हळद मे-जूनमध्ये लागते आणि आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येते. काढलेला कंद लगेच पिवळाधमक असतो, पण तो तसाच ठेवला तर कोंब फुटतात, सुकायला फार वेळ लागतो आणि रंग गाभ्यात एका जागी, सालीकडे फिका असा राहतो. म्हणून काढणीनंतर दोन-तीन दिवसांत हळद शिजवायची. शिजताना पिष्ठ फुगून चिकट होतं, रंग कंदभर सारखा पसरतो आणि वाळण्याचा काळ घटतो. पूर्वी मोठ्या काहिलीत, चुलवाणावर, पाल्याने झाकून उकळत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. पाण्यात रंग उतरण्याचं नुकसान त्यामुळे टळतं.

काहिलीत फेस येऊन पांढरी वाफ आणि हळदीचा खास वास सुटला की साधारण पाऊण ते एक तासात माल तयार होतो. परीक्षा बोटाची आणि काडीची. हळकुंड दाबल्यावर मऊ लागलं आणि खराट्याची काडी अलगद आत गेली की उतरवायचं. जास्त शिजवली तर रंग काळवंडतो. कमी शिजवली तर हळकुंड ठिसूळ राहतं आणि साठवणीत कीड लागते. जाडे जेठे गड्डे आणि बारीक हळकुंडं एकाच घाण्यात टाकली तर एक जास्त शिजतं आणि दुसरं कच्चं राहतं, म्हणून आधी प्रतवारी. मग 10 ते 15 दिवस उन्हात वाळवण. थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नको, थेट मातीवर नको, आणि रात्री ढीग करून झाकायचं, कारण दवाने डाग पडतात. मोडल्यावर खणखणीत आवाज आला की हळद वाळली. शेवटी फिरत्या ड्रममध्ये पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो वाळलेली होते.

उन्हाने रंग उडतो म्हटलं आणि वाळवायचंही उन्हातच, हे विचित्र वाटेल. अख्ख्या हळकुंडाला साल आणि आतला चिकट गर झाकून असतो. ऊन फार आत पोहोचत नाही. दळलेल्या भुकटीचा प्रत्येक कण उघडा पडतो. म्हणून वर्षाची हळद हळकुंडांच्या रूपात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांपुरतीच दळून, काचेच्या बरणीत नव्हे तर डब्यात, अंधारात ठेवावी. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमागेही हाच विचार होता. जमिनीखालच्या या बंद खोल खड्ड्यांत उजेड नाही, हवा बेताची, त्यामुळे किडी गुदमरतात आणि रंग चांगला राहतो. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली. नवी साठवण गोदामांत आणि शीतगृहांत सरकली. सोय झाली खरी, पण मातीच्या साठवणीचं ते कसब जपायला हवं होतं.

भौगोलिक मानांकन महाराष्ट्रात तीन हळदींना मिळालं आहे: वर्ध्याच्या वायगाव हळदीला 2016 मध्ये, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये आणि हिंगोलीच्या वसमत हळदीला 2024 मध्ये. करक्युमिनचं प्रमाण वाणागणिक बदलतं. साधारण तीन ते सहा टक्के धरायला हरकत नाही.

पिवळेपणाचा हट्ट आणि शिसं

गिऱ्हाईक हळद डोळ्यांनी विकत घेतं. जितकी पिवळी तितकी चांगली, हा हिशेब. या हट्टापायी फार वाईट गोष्टी घडल्या आहेत.

1797 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-निकोला व्होक्लँ यांनी सैबेरियातल्या एका लालसर खनिजातून क्रोमियम हे मूलद्रव्य शोधलं. ते खनिज म्हणजे निसर्गात सापडणारं लेड क्रोमेट. त्यातून पुढे क्रोम यलो हा रंग आला: स्वस्त, झळाळता, झाकण्याची ताकद भरपूर. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांनी तो मनापासून उचलला. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1888 मध्ये आर्ल इथे सूर्यफुलं रंगवली ती याच पिवळ्यात. त्यातले काही पिवळे आता तपकिरी होत चालले आहेत. 2011 मध्ये क्ष-किरणांच्या सूक्ष्म तपासणीने त्याचं कारण दाखवलं. प्रकाशात रंगातलं क्रोमियम इलेक्ट्रॉन घेऊन सहाव्या रासायनिक अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेत उतरतं आणि पिवळा मळकट होतो. लिंबासारखा फिकट क्रोम यलो, ज्यात गंधकाचे क्षार जास्त, तो आधी बिघडतो.

हेच लेड क्रोमेट हळकुंडांना चोळलं जातं, जुनी किंवा भिजून काळवंडलेली हळद ताजी दिसावी म्हणून. बांगलादेशात संशोधकांनी या सवयीचा माग 1980 च्या दशकातल्या एका पुरापर्यंत काढला. पुराने भिजलेली हळद फिकी पडली आणि रंगाचा आधार घेतला गेला. पुढे पूर ओसरला, भेसळ राहिली. तिथे 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारने बातम्या दिल्या, बाजारात सूचना लावल्या, हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने जागेवर तपासणी केली, दंड केला. 2021 मध्ये हा आकडा शून्यावर आला. हे जमू शकतं, आणि दोन वर्षांत जमू शकतं. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा दर दहा लाख भागांत 10 भाग आहे. ती कागदावर राहू नये यासाठी अशीच बाजारपेठेतली तपासणी हवी. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

घरच्या चाचण्यांची ताकद मर्यादित आहे, तरी करून पाहाव्यात. अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात न ढवळता टाका. चांगलं हळकुंड पाण्याला लगेच रंग देत नाही. वरून रंग चोळलेला असेल तर पाणी पिवळं होऊ लागतं आणि जड भुकटी तळाशी बसते. एक चमचा हळदपूड पाण्यात टाकली तर शुद्ध पूड हलका पिवळेपणा सोडून खाली बसते. पाणी गर्द पिवळं झालं तर संशय घ्यावा. मेटॅनिल यलो हा खाण्यास मनाई असलेला कापडाचा रंग ओळखायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. आम्लाने आलेला गुलाबी-जांभळा रंग पाणी घालूनही टिकला तर मेटॅनिल यलो, पाण्याने निवळला तर हळदीचाच. हे शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावं. दळलेल्या हळदीतलं थोडंसं शिसं मात्र यातल्या कशानेही पकडता येत नाही, त्याला यंत्रच लागतं. म्हणून सर्वांत खात्रीचं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घेऊन गिरणीत समोर दळून घेणं, आणि फार चकाकणाऱ्या हळकुंडांच्या मोहात न पडणं.

भिंतीचा आणि पोथीचा पिवळा

अजिंठ्याच्या चित्रांत जो पिवळा आहे तो पिवडीचा, म्हणजे लोहाच्या पिवळ्या मातीचा. त्या रेणूत पाणी बांधलेलं असतं. पिवडीची चिमूट लोखंडी पळीत तापवा: अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला पाणी निघून जातं आणि पिवळी माती लाल होते. तोच गेरू. हा लाल लिंबाने किंवा साबणाने परत फिरत नाही. लोह आधीच पुरतं गंजलेलं आहे, आणखी काय बिघडणार? म्हणून मातीचे रंग टिकतात. त्यांचा पिवळा हळदीइतका झगमगीत कधीच नसतो, ही त्यांची एकच उणीव.

झळाळी हवी असे तेव्हा चित्रकार आणि लेखनिक हरताळाकडे वळत. हे आर्सेनिकचं सल्फाइड, सोनेरी झाक असलेलं खनिज. पोथीत चुकलेल्या ओळीवर हरताळ फासून वर नव्याने लिहीत, आणि विषारी असल्याने कसरही दूर राही. जुनी पोथी चाळल्यावर हात धुवावेत ते याचसाठी. हरताळ तांब्याच्या किंवा शिशाच्या रंगाशेजारी लावला तर दोन्ही काळवंडतात, आणि उजेडात तो हळूहळू पांढरा पडतो.

राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांतला ऊबदार पिवळा बहुधा गोमूत्रातून येई. 1883 मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावातली रीत लिहून ठेवली: गाईंना आंब्याची पानं खाऊ घालायची, मूत्र आटवायचं, गाळ वाळवून गोळे करायचे. या लेखावर पुढे अनेकांनी शंका घेतली. पण लंडनच्या क्यू उद्यानात जपलेल्या त्या काळच्या गोळ्यांच्या अलीकडच्या विश्लेषणाने मुखर्जींनी लिहिलेल्याला बळ दिलं. गाईंच्या पोषणाचे हाल होत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला.

उडणारा रंग जिथे चालतो

हळद रंग म्हणून इतकी कच्ची, तर आपल्या समाजाने तिला एवढं का धरलं? माझ्या मते आपण ती जिथे वापरतो तिथे टिकण्याची गरजच नसते. नवरीची हळद दोन दिवसांत धुतली जाते. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी उधळलेला भंडारा पावसाने जातो आणि पुढच्या यात्रेला पुन्हा पायऱ्या पिवळ्या होतात. रंग पुन्हा लावणं हाच तिथे विधी असतो. एक काळजी घ्यावी: हळदीची बारीक धूळ हवेत दाट झाली की दिव्याच्या ज्योतीने पेट घेऊ शकते. भंडारा उधळायचा तर पेटती दिवटी जवळ नको. आणि तो शुद्ध हळदीचाच असावा, डोळ्यांत जाणारी वस्तू आहे ती.

कापडावर मात्र टिकणं लागतं. 100 ग्रॅम सुती कापडासाठी रीत अशी. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून खळ काढा. 15 ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर ठेवा, कारण सूत तुरटी नीट धरत नाही, हिरड्यातला तुरटपणा तिला धरून ठेवतो. पिळून 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात चार-पाच तास. मग 25 ग्रॅम हळद तीन लिटर पाण्यात अर्धा तास उकळून, गाळून, त्यात कापड पाऊण तास मंद आचेवर हलवत राहा. झळाळता पिवळा येतो. पण एवढं सगळं करूनही उन्हाला टिकण्याच्या 8 पायऱ्यांच्या मापावर हळद पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या वर चढत नाही.

रोज वापरायचं कापड असेल तर डाळिंबाच्या साली घ्या. 100 ग्रॅम कापडाला 100 ग्रॅम वाळलेल्या साली रात्रभर भिजत घालून तासभर उकळा. सालीतच तुरटपणा भरपूर, त्यामुळे हिरडा लागत नाही, तुरटी मात्र हवी. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत केलं तर लोह तुरटपणाशी जुळून कापड हिरवट-काळं होतं. रंग मोहरीसारखा, जरा मळका येतो. तो झळझळीत हवा असेल तर शेवटी दहा मिनिटं हळदीच्या पाण्यातून काढा. काही धुण्यांनी हळद उडते, तरी खालचा डाळिंबाचा पिवळा राहतो.